टॅग तुटलेली बॅग आणि तिची दोन वर्णनं

बॅग हरवली, असं आम्ही सगळे दोन आठवडे म्हणत होतो. प्रत्यक्षात ती हरवलेली नव्हती. मावशीने जिथे विमान बदललं, त्या विमानतळावरच्या सामानाच्या गोदामात ती नीट ठेवलेली होती. तिथल्या कर्मचाऱ्याने तिची नोंद करून तिला नवा क्रमांक दिला होता. इकडे मावशीनेही उतरल्या उतरल्या तक्रार नोंदवली होती. दोन्ही नोंदी चुकलेलं सामान शोधण्याच्या एकाच संगणकीय प्रणालीत होत्या, आणि तरी जुळत नव्हत्या, कारण एकाच बॅगेचं वर्णन दोन माणसांनी दोन तऱ्हांनी केलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे त्याचे तिन्ही कागद माझ्यासमोर आहेत: मावशीची पहिली तक्रार, गोदामातली नोंद, आणि मावशीने दुसऱ्यांदा लिहून पाठवलेलं वर्णन. गोदामातली नोंद आम्हाला बॅग मिळाल्यावर पाहायला मिळाली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा लक्षात आलं की आपण हरवलेल्या वस्तूची काळजी करतो ती चुकीच्या जागी. कुणाला सापडेल का, सापडलं तर तो देईल का, याचा घोर आपल्याला लागतो. पुष्कळदा वस्तू सापडलेली असते, देणाऱ्याची इच्छाही असते. ती कुणाची हे मात्र त्याला कळायला काही मार्ग नसतो.

काय घडलं

मावशी निवृत्त शिक्षिका. एकटीने प्रवास करायची तिला सवय आहे, सामानही ती बेताचंच नेते. या वेळी प्रवास दोन टप्प्यांचा होता. पहिलं विमान उशिरा पोहोचलं, दुसऱ्याचं दार बंद होता होता ती कशीबशी आत गेली आणि बॅग मागे राहिली. यात जगावेगळं काही नाही. विमानप्रवासात सामान सर्वांत जास्त चुकतं ते विमान बदलतानाच. एकूण परिस्थिती मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. विमानतळांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सीटा या कंपनीच्या वार्षिक अहवालांनुसार 2007 मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळपास 19 बॅगांचा घोळ होत असे. 2023 मध्ये तो आकडा 6.9 वर आला. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा हिचा ठराव क्रमांक 753 जून 2018 पासून लागू आहे. त्यानुसार सभासद कंपन्यांनी प्रत्येक बॅगेचा माग चार ठिकाणी ठेवायचा असतो: प्रवाशाकडून ताब्यात घेताना, विमानात चढवताना, विमान बदलण्याच्या ठिकाणी, आणि प्रवाशाला परत करताना.

हे सगळं चालतं ते हँडलला गुंडाळलेल्या कागदी टॅगच्या जोरावर. त्यावर दहा अंकी क्रमांक असतो. पहिला अंक टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनी सांगतात आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. टॅग शाबूत असला तर मागे राहिलेली बॅग सहसा पुढच्या एखाद्या विमानाने येते, आणि ती कशी दिसते हे कुणाला सांगावंही लागत नाही. टॅग देताना त्याच क्रमांकाचे एकदोन छोटे जादा स्टिकर मिळतात, ते बॅगेच्या अंगावर चिकटवायचे असतात, म्हणजे मुख्य टॅग फाटला तरी क्रमांक उरतो. मावशीच्या बॅगेवर ते चिकटवलेले नव्हते. मुख्य टॅग तुटला. मावशीने हौसेने घेतलेलं नावाचं लेबल बारीक प्लास्टिकच्या फितीने त्याच हँडलला बांधलेलं होतं. तेही गेलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. मावशीने लेबल लावलं नव्हतं असं नाही. तिने ते सगळे लावतात तिथेच लावलं, म्हणजे जिथे टॅग होता तिथेच. जी ओढाताण टॅगला तोडते ती शेजारच्या फितीला कशी सोडेल? ओळखीच्या दोन खुणा एकाच जागी असल्या की त्या एकदमच जातात, आणि मग दोन असून उपयोग एकीचाच. बॅगेच्या आत नावाचा कपटाही नव्हता. त्या क्षणापासून ती बॅग कुणाचीच राहिली नाही.

पहिली तक्रार

सामानाचा पट्टा रिकामा फिरायला लागल्यावर मावशी खिडकीपाशी गेली. खिडकीतल्या मुलाने तिच्यापुढे एक चित्रतक्ता ठेवला. हा तक्ता आयाटाचा असतो आणि जगभरात जवळपास सगळीकडे सारखाच. त्यावर बॅगांच्या प्रकारांची चित्रं असतात, प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि रंगांचे दोन अक्षरी संकेत असतात. काळ्याचा बीके, निळ्याचा बीयू, करड्याचा जीवाय. बॅगेचं बोलीभाषेतलं वर्णन या तक्त्यामुळे यंत्राला जुळवता येईल अशा संकेतांत बदलतं. म्हणूनच त्याच्यावर बोट ठेवताना घाई करून चालत नाही.

मावशी चौदा-पंधरा तासांच्या प्रवासाने थकलेली होती. संवाद साधारण असा झाला.

“काकू, यातली कुठली?”

“ही. अशीच, चाकांची.”

“रंग?”

“काळा.”

“आत काय आहे?”

“कपडे आहेत. औषधं, पुस्तकं. नेहमीचंच सगळं.”

मुलाने तेवढं टाईप केलं आणि तक्रारीचा संदर्भ क्रमांक असलेला कागद दिला. हा क्रमांक दहा अक्षर-अंकांचा असतो: आधी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत, मग कंपनीचा दोन अक्षरी, मग पाच आकडे. पुढचा सगळा पत्रव्यवहार याच क्रमांकावर चालतो. मावशीने कागद जपून ठेवला, ते फार बरं केलं. त्या खिडकीवरून कागद न घेता बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पुढे काहीच धरायला राहत नाही.

त्या मुलाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याने विचारलं, तिने सांगितलं. पण त्या तक्रारीत जे उतरलं ते वाचून बघा: काळी, चाकांची, कापडी, मध्यम आकाराची, आत कपडे, औषधं, पुस्तकं. एका दिवसात विमानतळावरून जाणाऱ्या किती बॅगांना हे लागू पडेल? वर्णन खरं होतं की खोटं हा प्रश्नच दुय्यम आहे. ते कुठल्याच एका बॅगेचं नव्हतं.

आणि ते पूर्ण खरंही नव्हतं.

गोदामातली नोंद

बिननावाची बॅग सापडली की थोडे दिवस वाट पाहून, किंवा लगेचच, कर्मचारी ती उघडतात आणि मालकाचा माग लागेल असं काही आत आहे का ते पाहतात. मावशीच्या बॅगेची नोंद अशी होती. रंग निळा. उभी, मऊ कापडी, चाकांची, बाहेर दोन कप्पे. हँडलच्या बुडाशी हाताने घातलेली शिवण, दोरा पांढरा. नाव नाही. आत: अर्धवट विणकाम, हिरवी लोकर, गोल सुईवर, चष्म्याचं घर, मरून रंगाचं, चष्म्यासह, हाताने लिहिलेल्या दोन वह्या, बायकांचे कपडे, बूट एक जोडी, तपकिरी.

निळा! बॅग खरोखरच गडद निळी आहे. घरात, कपाटावर, दिव्याच्या पिवळसर उजेडात ती कित्येक वर्षं काळी दिसत आली. आम्हा सगळ्यांच्या तोंडी ती “मावशीची काळी बॅग” अशीच होती. गोदामातल्या लख्ख पांढऱ्या उजेडात, दहा खऱ्याखुऱ्या काळ्या बॅगांच्या शेजारी ठेवल्यावर ती निळी दिसली, आणि कर्मचाऱ्याने दिसलं ते लिहिलं. यंत्राच्या लेखी बीके आणि बीयू या दोन वेगळ्या बॅगा. बाकी काही ठोस जुळण्यासारखं असतं तर रंगाचा फरक पडूनही नोंदी एकमेकींजवळ आल्या असत्या. पण बाकीचं काय होतं? एका बाजूला “कपडे, औषधं, पुस्तकं”, दुसऱ्या बाजूला “हिरवी लोकर, मरून चष्म्याचं घर”. कपडे सोडले तर आतल्या सामानाचा एकही शब्द समान नाही.

मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मालक वस्तूचं वर्णन करतो ते उपयोगाच्या अंगाने. त्याच्या लेखी ती “ऑफिसची बॅग”, “जुना चष्मा”, “बाबांनी दिलेलं पेन” असते, आत “नेहमीचं सामान” असतं. ज्याला ती सापडते त्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या डोळ्यांना रंग दिसतो, माप दिसतं, तुटका भाग दिसतो, उघडल्यावर सगळ्यात वरची वस्तू दिसते. गोदामातल्या माणसाने हिरवी लोकर लिहिली कारण ती त्या दिवशी उघडलेल्या इतर बॅगांत नव्हती. मावशीने लोकर सांगितली नाही कारण तिच्या दृष्टीने अर्धवट स्वेटर हे काही सामान नव्हे. तो हाताला चाळा म्हणून घेतलेला.

दुसरं वर्णन

दहा दिवस उलटले तरी “शोध चालू आहे” एवढंच उत्तर येत होतं. तक्रारीत आतल्या सामानाची तपशीलवार यादी नंतर जोडता येते, आणि बॅग काही दिवसांत सापडली नाही तर कंपन्या स्वतःच ती मागतात. आमच्याकडे तसा फॉर्म आला होता. मावशीने तो कंटाळून बाजूला ठेवला होता. “सांगितलंय की सगळं, आता परत तेच काय लिहायचं?” असं तिचं म्हणणं. मी तिच्याशेजारी बसले आणि फॉर्म बाजूला ठेवून प्रश्न विचारायला लागले.

“मावशी, बॅग उघडली की सगळ्यात वर काय दिसेल?”

“वर? वर स्वेटर. नाही, स्वेटर नाही, एक बाहीच झालीये अजून. दुसरी अर्धी सुईवर आहे.”

“रंग कुठला?”

“हिरवा. शेवाळी म्हण. गोल सुई आहे, ती दोन टोकांची.”

“बाहेरून काही फाटलंय, तुटलंय?”

“अगं, हँडल उसवलं होतं ना, मीच शिवलं. काळा दोरा नव्हता म्हणून पांढऱ्याने शिवलं. वाईट दिसतं ते.”

वाईट दिसतं म्हणून तिने ते सांगितलं नव्हतं. वस्तूतली उणीव सांगायला आपल्याला संकोच वाटतो, पण शोधणाऱ्याला तीच सर्वांत उपयोगी पडते. कंपनीने एकाच साच्यातून हजारो बॅगा काढलेल्या असतात. पांढऱ्या दोऱ्याने, अशा तिरक्या टाक्यांनी शिवलेलं हँडल एकाच बॅगेला असतं.

रंगाचा उलगडा एका फोटोमुळे झाला. आधीच्या एका प्रवासाला निघताना कुणीतरी मावशीचा दारात फोटो काढला होता. दुपारचं ऊन तिच्या पायाशी उभ्या असलेल्या बॅगेवर थेट पडलेलं. फोटो मोठा करून पाहिला तर बॅग स्पष्ट निळी. मावशीचा विश्वास बसेना. तिने चष्मा लावून पुन्हा पाहिला, आणि मग म्हणाली, “मग काळी कुठली होती आपली?” तेव्हाच कळलं की पहिल्या तक्रारीत तिच्या मनात याआधीची, टाकून दिलेली बॅगही मिसळली होती. थकलेल्या माणसाची आठवण अशी दोन वस्तूंची एक करून टाकते.

त्या संध्याकाळी लिहून पाठवलेलं वर्णन जवळजवळ जसंच्या तसं देते:

“रंग गडद निळा, मंद उजेडात काळा वाटतो. मऊ कापडी, उभी, चार चाकं, बाहेर दोन कप्पे, खालचा मोठा. उंची चाकांसकट सुमारे 65 सेंटिमीटर. वरच्या हँडलच्या डाव्या बुडाशी पांढऱ्या दोऱ्याने हाताने घातलेले तिरके टाके. उघडल्यावर सर्वांत वर शेवाळी हिरव्या लोकरीचं अर्धवट विणकाम, गोल सुईवर. त्याखाली मरून रंगाचं कडक चष्म्याचं घर, आत वाचायचा चष्मा. दोन वह्या, निळ्या शाईत, देवनागरी लिपीत लिहिलेल्या. तपकिरी बुटांची जोडी कापडी पिशवीत. फोटो सोबत जोडला आहे.”

एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून लिहिली नाही. डाव्या बुटात मोज्यात गुंडाळलेली सहा लाकडी बटणं होती, स्वेटरसाठी घेतलेली. ती राखून ठेवली. वर्णन जितकं पूर्ण तितकं चांगलं, हे खरं. पण सगळंच लिहून टाकलं तर वस्तू आपली आहे हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. विशेषतः हरवल्याची जाहीर सूचना लावायची असेल तेव्हा हे फार जपावं लागतं. सूचना वाचून कुणीही येऊन “ती माझी” म्हणू शकतो. सापडलेल्या वस्तूची सूचना लावणाऱ्यानेही असंच करावं: “एक छत्री सापडली आहे” एवढं लिहावं आणि मुठीचा रंग विचारायला ठेवावा.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडच्या बाईंनी आधी तिकिटावरचं नाव विचारलं आणि मग म्हणाल्या, “मॅडम, यादीत नसलेली एखादी वस्तू सांगता येईल का?” मावशीने बटणं सांगितली. फोन धरून ठेवायला सांगितलं गेलं. तेवढ्या वेळात मावशी आकडे मोजल्यासारखी पुटपुटत होती, “सहाच होती, सहाच होती.” बाई परत आल्या आणि म्हणाल्या, “हो, सहा आहेत.”

आत काय ठेवायला हवं होतं

बॅगेत सगळ्यात वर, झिप उघडताच दिसेल असा, नाव आणि फोन नंबर लिहिलेला एक जाड कागद असता तर हे सगळं एका फोनवर संपलं असतं. बाहेरचं लेबल तुटतं. आतला कागद तुटत नाही. दोन्ही हवेत, आणि एक निवडायचं झालं तर मी आतला निवडेन.

त्यावर काय लिहावं याबद्दल मावशीचं आणि माझं बरंच बोलणं झालं. नाव आणि आडनाव, मुक्कामाच्या ठिकाणी वाचता येईल अशा लिपीत. म्हणजे देवनागरीत लिहिलं तरी सोबत रोमन लिपीत लिहायचंच. फोन नंबर देशाच्या संकेतासह, अधिकाच्या चिन्हापासून सुरू होणारा. नाहीतर परदेशातून तो लावणाऱ्याला पुढे काय जोडायचं ते कळत नाही. ईमेल, कारण परक्या देशातून फोन करायला माणूस बिचकतो, पण दोन ओळी लिहून पाठवतो. दुसऱ्या एका माणसाचा नंबर. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. फोन, पाकीट, किल्ल्या आणि बॅग पुष्कळदा एकाच वेळी हरवतात, आणि सापडलेल्या पिशवीवरचा नंबर लावला की पिशवीतच फोन वाजतो.

घरचा पत्ता बाहेरच्या लेबलवर उघडा लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रवासाला निघालेल्या बॅगेवरचा घरचा पत्ता म्हणजे घर बंद असल्याची जाहिरात. आतल्या कागदावर मुक्कामाचा पत्ता आणि तारखा लिहिल्या तर त्या मात्र खऱ्या कामाच्या, कारण बॅग सापडेल तेव्हा आपण घरी नसतो. किल्ल्यांना तर पत्ता कधीच लावू नये. तिथे फक्त एक ईमेल किंवा फोन नंबर पुरे.

शाईचंही सांगते, कारण मावशीच्या आणखी एका लेबलची गत पाहिली आहे. जेल पेनाने लिहिलेलं नाव पावसात भिजून निळा डाग होऊन बसलं होतं. न पुसणारा मार्कर वापरावा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. विमानाच्या टॅगसारखा उष्णतेने छापला जाणारा कागद तर ऊन आणि उष्णता लागली की स्वतःच काळवंडतो किंवा फिका पडतो, तेव्हा आपली नोंद त्याच्यावर सोपवू नये. कापडी वस्तूंना शिवलेली पट्टी सर्वांत टिकाऊ. आणि जुन्या प्रवासाचे टॅग, स्टिकर घरी आल्या आल्या काढून टाकावेत. यंत्र दोन क्रमांक वाचतं तेव्हा बॅग भलत्याच दिशेला जाऊ शकते.

मावशीचा एक आक्षेप मात्र वेगळा होता. “नाव-नंबर लिहून ठेवायचा, आणि परत कोण देतं गं?” तिला मी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास सांगितला. 40 देशांतल्या 355 शहरांत संशोधकांनी 17,000 हून जास्त पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं, संग्रहालयं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे “सापडलं” म्हणून सोपवली. पाकीट पारदर्शक होतं. आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेलं कार्ड, एक किल्ली, किराण्याची यादी. काहींत पैसे, काहींत नाहीत. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल सुमारे 40 टक्के लोकांनी मालकाशी संपर्क साधला, पैसे असलेल्यांबद्दल 51 टक्क्यांनी. पैसे असले की लोक जास्त परत करतात, हे वाचून मावशी थक्क झाली. किल्लीमुळेही परत करण्याचं प्रमाण वाढलं, आणि किल्लीचा सापडणाऱ्याला काहीच उपयोग नसतो, असला तर तो मालकालाच. मला त्यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते: नाव आणि ईमेल पाकीट न उघडता दिसत होते. मनात असलेल्या माणसाला पुढचं पाऊल कळत होतं.

बॅगेपलीकडे

हीच पद्धत मावशीने नंतर इतर वस्तूंना लावली, तिच्या तिच्या मर्जीने. चष्म्याच्या घरात, झाकणाच्या आतल्या बाजूला, फोन नंबर. चष्म्यावर नाव लिहायला जागा नसते. म्हणून घर आणि चष्मा वेगळे होऊ द्यायचे नाहीत. छत्रीच्या दांड्यावर, मुठीच्या आत. चार्जरच्या ठोकळ्यावर, कारण एका खोलीत पाच जणांचे चार्जर एकसारखे. वह्यांच्या पहिल्या पानावर, आणि मधल्याही एका पानावर, कारण पहिलं पान फाटतं.

फोनचं वेगळं आहे. त्याला वर्णन लागतच नाही इतकी नेमकी खूण त्याच्याजवळ असते: 15 अंकी आयएमईआय क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केलं की तो पडद्यावर दिसतो. मात्र तो फोन हातात असतानाच पाहून दुसरीकडे लिहून ठेवायला हवा. हरवल्यावर तो खोक्यावर किंवा बिलावर शोधावा लागतो. कॅमेरा, लॅपटॉप यांच्या अनुक्रमांकाचंही तसंच. कुलूपबंद पडद्यावर आपत्कालीन संपर्काचं नाव दिसेल अशी सोय बहुतेक फोनांत आहे. सापडलेला फोन ज्याला उघडता येत नाही त्याच्यासाठी तेच लेबल.

ब्लूटूथवर चालणाऱ्या मागोव्याच्या चकत्या आता पुष्कळ जण बॅगेत टाकतात. अ‍ॅपलची एअरटॅग 2021 मध्ये आली, आणि 2024 च्या अखेरीपासून तिचं ठिकाण दाखवणारा दुवा विमान कंपनीला देण्याची सोयही झाली. मी मावशीला एक घ्यायला सांगितलं. फायदा उघड आहे: आमची बॅग दुसऱ्याच दिवशी कुठे आहे ते कळलं असतं. पण चकती इमारत दाखवते, मांडणीवरची बॅग दाखवत नाही. त्या गोदामात शंभर बॅगांपुढे उभ्या असलेल्या माणसाला “पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं हँडल” हेच सांगावं लागतं. शिवाय चकतीची बॅटरी संपते. मावशीने अजून ती घेतलेली नाही. तिच्या फोनमध्ये आता बॅगेचे तीन फोटो असतात: बाहेरून एक, टाक्यांचा जवळून एक, आणि भरून झाल्यावर झाकण लावण्याआधी वरून एक. हे तिने स्वतःहून ठरवलं, आणि मला ते चकतीहून कमी वाटत नाही.

बॅग आल्यावर

सतराव्या दिवशी बॅग घरी पोहोचली. विणकाम सुईवरून निसटलं नव्हतं. औषधं मात्र दरम्यानच्या काळात मावशीने नवी घेतली होती. ती हातातल्या पिशवीतच असायला हवीत, हे आता तिने पक्कं केलं आहे. एक चाक मोडलेलं होतं. मावशी म्हणाली, “आली हेच नशीब, आता चाकाचं काय घेऊन बसतेस?” मी ऐकलं नाही, कारण इथे मुदती कडक असतात. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार, आंतरराष्ट्रीय प्रवासात, मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. यायला हवं होतं त्या दिवसापासून 21 दिवसांत सामान आलंच नाही तर ते हरवलं असं धरून दावा करता येतो. कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक. मौल्यवान सामान असेल तर ते सोपवतानाच विशेष घोषणा करून जादा रक्कम भरता येते, आणि मग ही मर्यादा लागू होत नाही.

त्याच दिवशी चाकाचा फोटो, संदर्भ क्रमांक आणि औषधांची बिलं जोडून दोन वेगळ्या तक्रारी पाठवल्या. कंपनीने विचारलं, चाक आधीपासून मोडलेलं नव्हतं कशावरून? दारातल्या उन्हातल्या त्या फोटोत चारही चाकं दिसत होती. दुरुस्तीचा खर्च मिळाला. औषधांच्या बिलांचं उत्तर अजून यायचं आहे.